बसलेला आवाज आणि पाठीवरचा हात



गेले काही रविवार पवित्र मिस्सानंतर तुम्ही आमची विचारपूस करीत आहात. कोणी ज्येष्ठमधाची काडी आणून दिली, कोणी आले-गूळ, कोणी हळदीचे दूध. एका आजीबाईंनी तर आमच्या गळ्याला स्वतःची मफलर गुंडाळली. तुम्हा सर्वांचे आभार. आवाज आता परत आला आहे. पण तो गेलेला होता तेव्हा देवाने आम्हाला जे शिकवले, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या आठवड्यात ३१ जानेवारीला संत जॉन बॉस्को आणि ३ फेब्रुवारीला संत ब्लेझ यांचे सण आहेत. एक मुलांचा मित्र, दुसरा घशाचा आश्रयदाता. आमच्या बोलण्याला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे की संध्याकाळी आम्ही लहान मुलांना खो-खो शिकवतो. दुसरीपासून पाचवीपर्यंतची मुले. या दिवसांत पाटोदा तालुक्यात कितीतरी घरांना कुलूप असते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसे मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. नवरा-बायकोचा कोयता फडात आणि लेकरे आजी-आजोबांजवळ. अशी मुले शाळा सुटली की कुठे जाणार? म्हणून आम्ही मैदान आखले, दोन खांब रोवले, आणि मुले येऊ लागली.

खो-खो आपल्या मातीतला खेळ आहे. त्याला महागडी बॅट लागत नाही, बूट नसले तरी चालतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी जिंकला. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्याच बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातली. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळवून आला आणि २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावला. वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापाचा तो मुलगा. ही नावे मुलांना सांगितली की त्यांचे डोळे चमकतात. आमचाही उत्साह वाढतो, आणि उत्साह वाढला की आमचा आवाजही वाढतो.

तिथेच आमचे चुकले.

मुलांचे सामने दहा दिवसांवर आले होते. थंडी, कोरडा वारा, मैदानावरची धूळ, आणि त्यात आमची आरडाओरड. "ऊठ! पळ! खांब गाठ! अरे, तिकडे नाही, इकडे!" सकाळी मिस्सा, दुपारी धर्मशिक्षण, संध्याकाळी मैदान. एका संध्याकाळी "खो" म्हणायला तोंड उघडले आणि आवाजच निघाला नाही. नुसती हवा. मुलांना वाटले फादर गंमत करतात, ती हसू लागली.

डॉक्टरांनी घसा पाहिला आणि समजावून सांगितले. गळ्यात दोन नाजूक स्वरतंतू असतात. आपण बोलतो तेव्हा ते एकमेकांवर थरथरतात, पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला शंभराहून अधिक वेळा, बाईच्या गळ्यात सुमारे दोनशे वेळा, मुलांच्या गळ्यात त्याहूनही जास्त. ओरडून ओरडून ते सुजले की नीट मिटत नाहीत आणि आवाज घोगरा होतो किंवा जातो. औषधापेक्षा विश्रांती महत्त्वाची. "चार दिवस बोलायचे नाही, फादर. कुजबुजायचेसुद्धा नाही, कुजबुजण्यानेही ताण पडतो."

मिस्सा अर्पण करायला शेजारच्या धर्मग्रामातून एक फादर आले. धर्मशिक्षण सिस्टरांनी सांभाळले. पण मैदान कोण सांभाळणार? सामने तर जवळ आलेले. खरे सांगायचे तर आमच्या मनात एक अहंकारही होता. आम्ही ओरडलो नाही तर मुले खेळणार कशी, असे आम्हाला वाटत होते.

पहिल्या दिवशी आम्ही शिट्टी घेऊन गेलो. शिट्टी वाजली की मुले थांबत. पण थांबवणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. कोणाचे काय चुकले ते शिट्टी सांगत नाही. शेवटी शिट्टी खिशात घातली आणि आम्ही मुलांच्या ओळीत जाऊन बसलो.

खो-खोत आठ जण ओळीने चौकोनात बसतात, एकाचे तोंड इकडे तर दुसऱ्याचे तिकडे. नववा पाठलाग करतो. बसलेल्याला खो मिळेपर्यंत उठता येत नाही. खो देणारा मागून येतो. तो बसलेल्याला दिसत नाही. पाठीवर तळहात टेकतो, कानावर "खो" पडतो, आणि तो झेप घेतो. नुसता शब्द चालत नाही, नुसता हातही चालत नाही. दोन्ही हवेत. आम्ही इतके दिवस मैदानाच्या कडेला उभे राहून शब्दच शब्द फेकत होतो. हात विसरलो होतो.

मग आम्ही प्रत्येक मुलाशेजारी जाऊन बसलो. पाय कसा दुमडायचा, अंगठ्यावर भार कसा घ्यायचा, उठताना कुठल्या खांद्याकडे वळायचे, हे स्वतः करून दाखवले. पाठीवर हात ठेवून थांबायला शिकवले. आणि मैदानावर शांतता झाली तशी मुलेच एकमेकांना सांगू लागली. चौथीतला एक मुलगा, जो एरवी तोंडातून शब्द काढत नसे, तो लहानांना हाका देऊ लागला. आमचा आवाज बंद झाला म्हणून त्याच्या आवाजाला जागा मिळाली.

आता त्या एका मुलीविषयी सांगतो. तिचे नाव सांगत नाही. दुसरीत आहे, अंगाने बारीक. आई-वडील ऊसतोडीला, ही आजीजवळ. ती दररोज येई, पण खेळात गोंधळे. खो मिळायच्या आधीच उठे, नाही तर खो मिळाल्यावरही बसून राही. तिचे लक्ष नाही, असे आम्हाला वाटे. म्हणून तिच्यावर आम्ही सर्वांत जास्त ओरडत असू. रागाने नव्हे, उमेद द्यावी म्हणून. निदान आमची तशी समजूत होती.

त्या चार मुक्या दिवसांत ती पोर एकदाही चुकली नाही. तिसऱ्या दिवशी खेळ संपल्यावर ती आमच्याजवळ आली आणि तिने विचारले, "फादर, तुम्ही आता रागावत नाही ना?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. घसा बसला होता म्हणून नव्हे.

तिची आजी तिला न्यायला आली होती. ती हळूच म्हणाली, "फादर, लेकरू मोठ्या आवाजाला लई भितंय. मोठा आवाज झाला की मार बसतो, एवढंच तिला ठावं हाय." त्या घरात कोणाचा आवाज कशामुळे चढत होता, ते इथे सांगण्याची गरज नाही. तुमच्यापैकी अनेकांना अशी घरे माहीत आहेत. आमच्या "ऊठ! पळ!" मध्ये आम्हाला प्रेम ऐकू येत होते, तिला काठी ऐकू येत होती.

प्रिय बंधुभगिनींनो, त्या रात्री आम्ही लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला. जखऱ्या याजक मंदिरात धूप दाखवायला गेला असता देवदूताने त्याला पुत्र होणार असल्याची बातमी सांगितली. त्याने विश्वास ठेवला नाही आणि त्याची वाचा गेली. लोक बाहेर वाट पाहत होते. तो बाहेर आला आणि खुणा करू लागला. याजकाची वाचा जाणे म्हणजे सुताराचे हात जाणे! पण देवाने ते मौन वाया जाऊ दिले नाही. अलिशिबेच्या उदरात बाळ वाढत होते, तसे जखऱ्याच्या मौनात ऐकणे वाढत होते. बाळाचे नाव ठेवायच्या दिवशी त्याने पाटीवर योहान असे लिहिले, आणि त्याची जीभ मोकळी झाली. तिने पहिले काम केले ते देवाच्या स्तुतीचे.

आणि हा योहान कोण? पुढे लोकांनी विचारले तेव्हा त्याने आपली ओळख अरण्यात हाक मारणाऱ्याचा आवाज अशी सांगितली. मुक्या बापाचा मुलगा आवाज झाला! संत ऑगस्टिन यांनी आपल्या एका प्रवचनात योहान हा आवाज आणि ख्रिस्त हा शब्द, असा भेद केला आहे. आवाज कानावर पडतो आणि विरून जातो, शब्द मात्र ऐकणाऱ्याच्या हृदयात राहतो. आवाजाचे काम शब्द पोहोचवून बाजूला होण्याचे. म्हणूनच योहान म्हणू शकला की ख्रिस्ताची वाढ व्हावी आणि आपण कमी व्हावे. आम्ही मात्र आवाजालाच शब्द समजून बसलो होतो. आवाज मोठा झाला म्हणजे शिकवण मोठी झाली, असा आमचा हिशेब होता.

उत्तम मेंढपाळाचा दाखला तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. मेंढरे त्याचा आवाज ओळखतात आणि त्याच्यामागे जातात. या जानेवारीत आम्ही तो नव्या कानांनी वाचला. मेंढपाळाचा आवाज मोठा असतो, असे प्रभू कुठेही सांगत नाही. तो ओळखीचा असतो, आणि मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेकाच्या नावाने हाक मारतो, असे सांगतो. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात मेंढरे राखणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. परक्याने कितीही आरोळी दिली तरी मेंढरू मान वर करत नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत मरिया मग्दालियेने येशूला डोळ्यांनी ओळखले नाही, तिला तो माळी वाटला. त्याने तिचे नाव उच्चारले आणि तिने ओळखले. एकच शब्द, तिचे नाव. आरोळी नव्हे.

संत जॉन बॉस्को यांची गोष्ट इथे आठवते. त्यांचा जन्म १८१५ साली इटलीतल्या एका शेतकरी घरात झाला. नऊ वर्षांचे असताना त्यांना एक स्वप्न पडले. मैदानात पुष्कळ मुले खेळत होती, काही शिव्या देत होती. छोटा जॉन त्यांच्यात घुसला आणि ओरडून व ठोसे मारून त्यांना गप्प करू लागला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला अडवले आणि सांगितले की मारून नव्हे, प्रेमाने आणि सौम्यतेने या मुलांना आपले मित्र करायचे आहे. पुढे धर्मगुरू झाल्यावर तुरीन शहरात त्यांनी कामासाठी गावाकडून आलेल्या, वाऱ्यावर पडलेल्या मुलांसाठी खेळाचे अंगण उघडले. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम आहे हे मुलांना कळले पाहिजे, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार. आम्ही हे किती वेळा मुलांच्या पालकांना सांगितले असेल! पण दुसरीतल्या एका पोरीने प्रश्न विचारीपर्यंत ते आम्हाला स्वतःला कळले नव्हते.

आणखी एका मुक्या मेंढपाळाची आठवण करू या. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी खेळाडू होते. फुटबॉलमध्ये ते गोलरक्षक असत, बर्फावरून स्कीइंग करीत, डोंगर चढत. त्यांच्या आवाजाने जगभरातली मैदाने भरून जात. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. २७ मार्च २००५ हा पुनरुत्थानाचा रविवार. संत पेत्राच्या चौकात हजारो लोक जमले होते. पोप खिडकीत आले, ध्वनिक्षेपक जवळ आणला गेला, त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द उमटले नाहीत. मग त्यांनी हात उचलला आणि मुक्यानेच क्रुसाची खूण करून आशीर्वाद दिला. खाली लोक रडत होते. सहाच दिवसांनी, २ एप्रिलला, ते प्रभूघरी गेले. त्यांची हजारो प्रवचने झाली, त्यांतली किती आपल्याला आठवतात? पण तो मुका हात ज्यांनी पाहिला, ते तो विसरले नाहीत.

याचा अर्थ आवाज वाईट आहे असा मुळीच नाही. खुद्द प्रभूने लाजराच्या कबरेपाशी मोठ्याने हाक मारली. रस्त्यावर ट्रॅक्टर येत असेल आणि मूल मध्ये उभे असेल तर गळा फाटेपर्यंत ओरडा! खो-खोतसुद्धा खो मोठ्याने आणि स्पष्टच द्यावा लागतो. प्रश्न इतकाच की आपल्या आवाजामागे हात आहे की काठी? आपण दिवसभर ओरडत राहिलो तर खऱ्या धोक्याच्या वेळी आपली हाक मुलाला वेगळी कशी कळणार?

आता थोडे घरचे बोलू. जी आई-वडील फडावर आहेत, त्यांचा आवाज मुलांना फोनवरूनच ऐकू येतो. दिवसभराच्या तोडीनंतर कोपीत बसून केलेला तो फोन. त्यात "अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नको" एवढेच बोलून फोन ठेवू नका. मुलाचे नाव घ्या. आज काय खेळलास, कोणाला खो दिलास, ते विचारा. ज्या आजी-आजोबांच्या अंगावर तीन-तीन नातवंडे आहेत, त्यांचा जीव मेटाकुटीला येतो हे आम्हाला ठाऊक आहे. दमलेल्या माणसाचा आवाज चढतोच. पण चढला तर नंतर त्या लेकराला जवळ घ्या. आणि ज्या घरात दारूमुळे आवाज चढतो, त्या घरातल्या पुरुषांना आमची हात जोडून विनंती आहे: तुमच्या आवाजाने तुमचे मूल मैदानावरसुद्धा थरथरते. उपासना झाल्यावर आम्हाला येऊन भेटा. आम्ही ओरडणार नाही.

आम्ही स्वतः सुधारलो का? खरे तेच सांगतो. पाचव्या दिवशी आवाज थोडा परत आला आणि आम्ही उत्साहाने एक आरोळी ठोकली. त्या मुलीचे दोन्ही खांदे कानापर्यंत वर गेले. आम्ही पाहिले आणि आमचे तोंड मिटले. तेव्हापासून दररोज मैदानात पाऊल टाकण्याआधी आम्ही स्वतःच्या गळ्यावर क्रुसाची खूण करतो. कधी विसरतो. मग ती मुलगीच आठवण करून देते, ओठांवर बोट ठेवून. सामन्यात आमची मुले हरली. पण ती मुलगी एका पळणाऱ्याला बाद करून आली आणि थेट आजीकडे धावत गेली. आजीच्या पदरात तोंड लपवून ती हसत होती.

३ फेब्रुवारीला मिस्सानंतर घशांना आशीर्वाद दिला जाईल. संत ब्लेझ चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियातल्या सेबास्ते नगरीचे बिशप होते आणि त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. घशात माशाचा काटा अडकलेल्या एका मुलाला त्यांनी वाचवले, अशी परंपरा आहे. म्हणून दोन मेणबत्त्या क्रुसासारख्या धरून गळ्याशी लावतात. त्या दिवशी आपण दोन गोष्टी मागू या: निरोगी घसा आणि निर्मळ शब्द. प्रार्थनेबरोबर काळजीही घ्यावी. शिक्षकांनी, भाजी विकणाऱ्या बहिणींनी, मैदानावरच्या सर्वांनी दिवसभर घोट घोट पाणी प्यावे, गरम पाण्याची वाफ घ्यावी, सारखे खाकरू नये. मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. त्यांना विश्रांतीच हवी. बिडी-तंबाखू सोडावी. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर घरगुती उपाय पुरेत, डॉक्टरांना दाखवावे.

या आठवड्यासाठी एक छोटा संकल्प करू या. दररोज एकदा, काही सांगायच्या किंवा रागावायच्या आधी, मुलाच्या जवळ जायचे, त्याचे नाव घ्यायचे आणि पाठीवर हात ठेवायचा. मग हळू आवाजात बोलायचे. आपल्याला श्रद्धा मिळाली तीही अशीच. कोणीतरी आजी, कोणीतरी कॅटेकिस्ट मास्तर मागून आले, पाठीवर हात ठेवला, कानात येशूचे नाव सांगितले, आणि आपण उठून धावू लागलो. आता आपल्या पुढे कोणीतरी पाठ करून बसले आहे. त्याला आपण दिसत नाही. ते आपल्या हाताची वाट पाहत आहे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, उत्तम मेंढपाळा, तू आम्हाला नावाने ओळखतोस. आमच्या घशाला बळ दे आणि आमच्या शब्दांना माया दे. आमच्या आवाजाने जी लेकरे घाबरली, त्यांची आम्ही क्षमा मागतो. फडावर राबणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना सुखरूप ठेव आणि त्यांच्या मुलांच्या पाठीवर तुझा हात असू दे. आमचा आवाज जाईल तेव्हाही तुझा शब्द आमच्यात राहो. आमेन.